दिवा केवढा, ते आधी सांगा

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यातून उजेडाविषयीची पाच पत्रं बाजूला काढली. एक शेतकरी, एक मोटारसायकलवाला, बी.एस्सी.ची एक मुलगी, एक शाळामास्तर आणि जुन्या फोटो स्टुडिओचा वारस. कुणी वॅट लिहिलेत, कुणी किंमत, एकाने तर पावतीची झेरॉक्स जोडली आहे. दिव्याचा प्रकाश प्रत्यक्षात केवढ्या जागेतून बाहेर पडतो, हे मात्र एकानेही लिहिलेलं नाही. माझी नोकरी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. तिथेही दिवा मागवायचा म्हटलं की ऑफिसातून एकच प्रश्न यायचा, ‘किती वॅटचा?’ त्यामुळे मला याची सवय आहे. पाचही उत्तरं एकत्र देते. आपलं तेवढं वाचून पान उलटू नका, कारण एकाच्या उत्तरातला धागा दुसऱ्याच्या उत्तरात लागणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीच्या पाळीला असते. उसाला पाणी द्यायला जावं लागतं आणि बिबट्याची धास्ती असते. जुनी, पुढे भिंग असलेली झूमची बॅटरी पार शेताच्या टोकापर्यंत मारायची. मुलाने नवीन आणली. खोक्यावर जुनीच्या सातपट लुमेन लिहिलेत. अंगणात लावली तर दिवस उगवल्यासारखं होतं, पण टोकाचा बांध काही दिसत नाही. फसवलं का आम्हाला?
— एक शेतकरी, ता. जुन्नर

उत्तर : फसवलं असेलच असं नाही. खोक्यावरचे लुमेनचे, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे, आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात, पण तुमचा आकडा शंभर टक्के खरा धरला तरी तुम्हाला जे दिसलं तेच दिसायला हवं.

आधी एक करून बघा. जुनी बॅटरी घ्या, तिचं तोंड पूर्ण पुढे ओढा आणि चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर उजेड पाडा. भिंतीवर एक लखलखीत चौकोन दिसेल. बॅटरीच्या आत, मधोमध जी पिवळसर टिकली दिसते, तिचंच ते मोठं केलेलं चित्र आहे. भिंग दुसरं काही करतच नाही, स्रोताचं चित्र लांब नेऊन टाकतं. चित्र केवढं होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, टिकली केवढी आणि भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून उन्हाचा ठिपका जिथे सगळ्यांत बारीक पडतो तिथपर्यंतचं अंतर) किती.

हिशेब सोपा आहे. भिंगाचं नाभीय अंतर ४० मिलिमीटर धरा आणि टिकली १ मिलिमीटरची. शंभर मीटरवर तिचं चित्र अडीच मीटर रुंद पडेल. आता नव्या बॅटरीत ७ मिलिमीटरची टिकली आहे असं धरा. हल्ली एका मोठ्या पिवळ्या चकतीखाली बऱ्याच एलईडी दाटीने बसवलेल्या मिळतात, तुमची बहुधा तीच. तिचं चित्र शंभर मीटरवर साडेसतरा मीटर रुंद होईल. रुंदी सातपट, म्हणजे क्षेत्रफळ एकोणपन्नासपट. उजेड आहे सातपट आणि तो पसरायचा आहे ४९ पट जागेवर. एका गुंठ्याला एक पोतं खत टाकत होतात, ते आता ४९ गुंठ्यांना सात पोती टाकताय. बांधावर पडणारा उजेड जुन्याच्या सातव्या हिश्श्यावर आला. दिव्याचा पल्ला उजेडाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून पल्ला सुमारे २.६ पटीने घटला. जुनी अडीचशे मीटर मारत असेल तर नवी शंभरच्या आतबाहेर.

आता जे सांगते ते शिकलेल्या माणसांनाही चटकन पटत नाही. मोठी टिकली छोटीइतकीच झळाळती असती, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तेवढाच उजेड ओकत असती, तरीही ती जुनीपेक्षा लांब गेली नसती. उजेडाचं रिंगण रुंद झालं असतं, एवढंच. टोकाच्या बांधावर उभं राहून बॅटरीकडे पाहिलं, तर अख्खं भिंग टिकलीच्या झळाळीने भरलेलं दिसतं. टिकलीपेक्षा जास्त झळाळी कुठलंही भिंग दाखवत नाही, मग ते काचेचं असो, प्लॅस्टिकचं असो, की ‘मिलिटरी ग्रेड’ छाप मारलेलं असो. म्हणून लांब मारायला दोनच वाटा आहेत. टिकली जास्त झळाळती हवी, किंवा भिंग (आरसा असेल तर आरसा) रुंद हवा. नव्या महागड्या बॅटऱ्यांत निळ्या लेझरने फॉस्फरचा (प्रकाश पडला की स्वतः उजळणाऱ्या द्रव्याचा) मिलिमीटरहून लहान ठिपका पेटवतात, तो या पहिल्या वाटेचाच प्रकार. लुमेन त्यात बेताचेच असतात, पण उजेड दोरी ताणल्यासारखा सरळ जातो.

दुकानात गेलात तर लुमेन बघू नका, कँडेला विचारा. एका दिशेला उजेड किती एकवटला आहे ते कँडेला सांगतं. चांगल्या खोक्यावर पल्लाही मीटरमध्ये दिलेला असतो आणि त्यामागे एक ठरलेला नियम आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर. पण हा पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. पौर्णिमेच्या चांदण्यात उसाच्या कडेला बसलेला बिबट्या तुम्हाला कितपत ओळखू येतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. छापील पल्ल्याच्या निम्म्याहून कमीच कामाचा धरा.

आणि नवी बॅटरी परत करू नका. पायाखालचा साप पसरट उजेडातच दिसतो, जुनीच्या अरुंद झोतात नाही. एक हातात, एक खिशात ठेवा. जोडीला कुणीतरी असू द्या आणि बोलत चला.

याच नियमाची उलटी बाजू दीपस्तंभात दिसते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेलचं भिंग १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपस्तंभावर बसलं. अशा पहिल्या श्रेणीच्या भिंगाचं नाभीय अंतर ९२० मिलिमीटर असतं आणि मध्ये एकात एक अनेक वातींची जाड ज्योत. ज्योत ९ सेंटीमीटर रुंद धरली तर झोत साडेपाच अंशांचा होतो. भिंग मिनिटाला एक फेरी घेत असेल तर समुद्रावरच्या खलाशाला जवळपास एक सेकंदभर उजेड दिसणार. त्याच भिंगात १ सेंटीमीटरचा विजेचा दिवा ठेवला, की झोत जेमतेम ०.६ अंशाचा आणि चमक सेकंदाच्या दहाव्या भागाची. इतकी आखूड चमक डोळ्याला मंद भासते, चुकतेही. शिवाय झोत उंचीलाही चिंचोळा होतो, त्यामुळे दिवा थोडा खालीवर बसला तरी क्षितिजाच्या वरून निघून जातो. म्हणजे ‘लहान तेवढा चांगला’ असाही सरसकट नियम नाही. कोर्दुआँच्या भिंगाला ती गलेलठ्ठ ज्योतच मानवत होती.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला कंपनीचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन होता. तो काढून त्याच खाचेत बसणारा एलईडी बल्ब टाकला. उजेड पांढरा आणि भरपूर आहे. पण डिपर खाली असतानाही समोरचे लोक शिव्या देतात. त्यांचं काही चुकतंय का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. शिव्या रास्त आहेत.

तुमच्या हेडलाईटचा आरसा एका ठरावीक तारेसाठी घडवलेला आहे. हॅलोजनच्या आत गुंडाळलेली तार असते, काही मिलिमीटर लांब, जाडीला जेमतेम एक-दीड मिलिमीटर. अशा दोन तारा असतात, एक वरच्या झोताची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. काढलेला बल्ब अजून टाकून दिला नसेल तर बघा, काचेतून दिसते. ती वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते. त्यामुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून रस्त्याकडे, खाली वळतो. तार कुठे आहे, केवढी आहे, कुठल्या दिशेला आडवी आहे, हे सगळं मिलिमीटरच्या अंशापर्यंत धरून आरशाचा एकेक पैलू बनवलेला असतो.

एलईडी बल्बात तार नसते. एका धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. पट्टीची जाडी ३ मिलिमीटर असेल, तर प्रत्येक चिप जिथे असायला हवी तिथून दीड मिलिमीटर बाजूला गेली. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. आरशाचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर धरा, म्हणजे ही चूक झाली सुमारे साडेतीन अंशांची. पंचवीस मीटरवर प्रकाश दीड मीटरने भलतीकडे सरकतो. डिपरचा झोत साधारणपणे दर दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतरेल असा लावतात, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास. जिथे अर्ध्या अंशाचा हिशेब आहे तिथे साडेतीन अंशांची घुसखोरी! पट्टी आडवी बसली असेल तर हा सगळा सरकलेला प्रकाश वरखाली जातो, त्यातला वरचा समोरच्याच्या डोळ्यांत. काही बल्बांची मागची कॉलर फिरते. पट्टी उभी, म्हणजे चिप डाव्या-उजव्या अंगाला येतील अशी फिरवली की त्रास कमी होतो. संपत नाही.

भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करा, जुना हॅलोजन लावा, डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखा. मग एलईडी लावून त्या रेषेच्या वर किती सांडतंय ते बघा. पांढरा उजेड हवाच असेल, तर एलईडीसाठीच घडवलेला आरसा किंवा भिंग असलेला पूर्ण हेडलाईट घ्या. नुसता बल्ब बदलून ते होणार नाही. विकणारा तुम्हाला वॅट आणि लुमेनच सांगणार, चिपची जागा त्यालाही ठाऊक नसते.

प्रश्न : बायप्रिझमच्या प्रयोगात मला फ्रिंजेस दिसत नव्हत्या. सर आले, ‘स्लिट बारीक कर’ म्हणाले आणि गेले. स्लिट बारीक केल्यावर प्रकाश कमी होतो, मग फ्रिंजेस उलट पुसट व्हायला हव्यात ना? झालं भलतंच. का?
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, नांदेड

उत्तर : या पाच पत्रांत तुझं मला सगळ्यांत आवडलं, कारण फ्रिंजेस मिळाल्यावर जर्नल लिहून मोकळं होणारेच बहुतेक असतात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात : स्लिट म्हणजे उभी बारीक फट. तिच्यातून आलेला प्रकाश बायप्रिझम, म्हणजे दोन उतारांचा चपटा लोलक, दोन भागांत वाकवतो, जणू तो दोन आभासी स्रोतांतून आला. ते भाग एकमेकांवर पडले की उजळ-काळ्या पट्ट्या दिसतात, त्या फ्रिंजेस. तुझ्या स्लिटमागे सोडियमचा दिवा आहे. स्लिटच्या रुंदीतला प्रत्येक बिंदू स्वतःचा वेगळा दिवा समज. डाव्या कडेच्या बिंदूपासून निघालेल्या प्रकाशाने आयपीसमध्ये फ्रिंजेसचा एक पूर्ण संच तयार होतो, उजव्या कडेच्या बिंदूने दुसरा, पण किंचित सरकलेला. सगळे संच एकमेकांवर पडतात. दोन कडांच्या संचांमधलं सरकणं एका फ्रिंजच्या रुंदीएवढं झालं की स्लिटच्या डाव्या अर्ध्यातल्या प्रत्येक संचाच्या काळ्या पट्टीवर उजव्या अर्ध्यातल्या एखाद्याची उजळ पट्टी बसते आणि सगळं सपाट पिवळं होतं. प्रकाश भरपूर आहे, फ्रिंजेसही प्रत्यक्षात तयार होताहेत, पण इतक्या संचांच्या गर्दीत एकही दिसत नाही.

आकडे घाल. स्लिट ते बायप्रिझम १० सेंटीमीटर, बायप्रिझम ते आयपीस ९० सेंटीमीटर, दोन आभासी स्रोतांमधलं अंतर १ मिलिमीटर. सोडियमची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. फ्रिंजची रुंदी येते ०.५९ मिलिमीटर. स्लिटवरचा बिंदू जेवढा सरकतो त्याच्या नऊपट फ्रिंजेस सरकतात, कारण ९० भागिले १०. म्हणजे स्लिट फक्त ०.०६५ मिलिमीटर रुंद झाली की फ्रिंजेस गायब. ठसठशीत हव्या असतील तर त्याच्याही चौथ्या हिश्श्यापर्यंत यायला हवं. आता कळलं, स्क्रू एका केसाएवढा फिरवला तरी चित्र का बदलतं?

आणि दुसरी गोष्ट, जी सर सांगायची विसरले. स्लिट बारीक आहे पण प्रिझमच्या कडेला समांतर नाही, तरीही फ्रिंजेस जातात. दहा मिलिमीटर उंचीची स्लिट अर्ध्या अंशाहूनही कमी, ०.३७ अंश, कलली की तिची वरची आणि खालची टोकं ०.०६५ मिलिमीटरने बाजूला होतात. म्हणजे ती रुंद झाल्यासारखीच. म्हणून आधी स्लिट बारीक कर, मग टँजंट स्क्रूने हळूहळू फिरव. माझ्या अनुभवात अडकलेली बहुतेक मुलं या दुसऱ्या पायरीवर अडकलेली असायची आणि उगाच सोडियमच्या दिव्याला दोष द्यायची.

ज्या नियमाने तुझ्या फ्रिंजेस पळवल्या, त्याच नियमाने ताऱ्याचा व्यास मोजला गेला आहे. १९२० च्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर, शंभर इंची हूकर दुर्बिणीच्या तोंडावर वीस फुटी तुळई बसवून तिच्यावर सरकते आरसे लावले होते. पद्धत अल्बर्ट मायकेलसनची, प्रत्यक्ष निरीक्षणं फ्रान्सिस पीज आणि जॉन अँडरसन यांची. काक्षी ताऱ्याचा, म्हणजे मृगातल्या त्या तांबूस ताऱ्याचा प्रकाश दोन आरशांतून आणून फ्रिंजेस पाहायच्या आणि आरसे एकमेकांपासून लांब लांब नेत जायचं. १२१ इंचांवर फ्रिंजेस नाहीशा झाल्या. तू स्लिट रुंद करून त्या घालवल्यास, त्यांना तारा रुंद करता येत नव्हता म्हणून त्यांनी आरशांमधलं अंतर वाढवलं. उत्तर आलं ०.०४७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). तूही काढून बघ : तरंगलांबी ५७५ नॅनोमीटर घे, १.२२ ने गुण, ३.०७ मीटरने भाग, आणि रेडियनमध्ये आलेल्या उत्तराच्या विकला कर. तो १.२२ स्रोत गोल असल्यामुळे येतो, स्लिट असती तर १ आला असता. व्हायव्हात कुणी ‘या प्रयोगाचा उपयोग काय’ विचारलं तर हे सांग.

प्रश्न : पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, भिंगाने उन्हाचा ठिपका पडतो तो अजून बारीक, अगदी टाचणीच्या टोकाएवढा का होत नाही? नेम धरायला चुकतो का आपण?
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : नेम बरोबर आहे. तो ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र, आणि सूर्य टाचणीचं टोक नाही. आपल्याला तो अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो, म्हणून चित्राची रुंदी नाभीय अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाएवढी येते. २० सेंटीमीटरच्या भिंगाला जवळपास १.९ मिलिमीटर, २ सेंटीमीटरच्या चिमुकल्या भिंगाला ०.१९ मिलिमीटर. ते टाचणीच्या टोकाएवढं झालं खरं, पण त्या भिंगात ऊन मावतंच किती! जुन्नरच्या उत्तरातला नियम इथेही आहे : सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त झळाळी ठिपक्यात येत नाही. हवेत कितीही भिंगं-आरसे जुळवले तरी ऊन सुमारे ४६,००० पटीपलीकडे एकवटत नाही, आणि उन्हाने तापवलेली वस्तू सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसपेक्षा, जास्त तापत नाही. मुलांना ठिपका पांढऱ्या कागदावर टक लावून बघू देऊ नका, डोळ्यांना वाईट. ग्राउंडवर त्यांना झेंड्याच्या काठीची सावली दाखवा. बुडाशी कड धारदार, टोकाशी पुसट. काठी तीच आणि ऊनही तेच. सूर्याला रुंदी आहे, म्हणून काठीपासून सावली जितकी लांब तितकी तिची कड पसरते, तीन मीटरला सुमारे २८ मिलिमीटर.

प्रश्न : आजोबांच्या स्टुडिओतला कंडेन्सरचा एन्लार्जर मी पुन्हा चालू केला. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट नेगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडा आणि धूळ प्रिंटमध्ये भडकपणे उठते. त्याच नेगेटिव्हचं आजोबांनी केलेलं प्रिंट स्वच्छ आहे. बल्ब मी छोटा, साध्या काचेचा, जास्त उजेडाचा टाकला आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटच्या वाक्यात उत्तर तुम्हीच दिलंत. एन्लार्जर म्हणजे नेगेटिव्हवरून कागदावर मोठं प्रिंट काढायचं यंत्र, आणि कंडेन्सर म्हणजे त्यात बल्बाचा प्रकाश नेगेटिव्हवर एकवटणारी भिंगं. एन्लार्जरचा मूळ बल्ब मोठा आणि दुधी काचेचा असतो, तो मुद्दाम तसा असतो. लहान स्रोतातून निघालेला प्रकाश कंडेन्सरमधून नेगेटिव्हवर एकाच दिशेने येतो. ओरखड्याच्या कडेवर तो वाकतो आणि खालच्या भिंगात शिरतच नाही, म्हणून कागदावर तिथे पांढरी रेघ राहते. दुधी बल्बातून प्रकाश सगळीकडून येतो. ओरखड्याने एका दिशेचा बाहेर वळवला तर दुसऱ्या दिशेचा आत वळतो, आणि रेघ बरीचशी भरून निघते.

दुधी बल्ब घाला. मिळत नसेल तर कंडेन्सरच्या वर, फिल्टरच्या खणात, दुधी काच ठेवा. एक्सपोजर बरंच वाढेल, टेस्ट स्ट्रिप नव्याने काढा. कॉन्ट्रास्टही उतरेल. नेगेटिव्हमधले चांदीचे कण प्रकाश विखुरतात आणि एकाच दिशेच्या प्रकाशात दाट भागातला जास्त वाया जातो, म्हणून लहान बल्बाने प्रिंट कडक येत होतं. आंद्रे कॅलियरने १९०९ मध्ये हे मोजून मांडलं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखतात. दोन नंबरच्या कागदावर काम करत असाल तर आता साधारण तीन नंबरचा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा, लागेल. रंगीत नेगेटिव्हला कॉन्ट्रास्टचा हा फरक जाणवत नाही, कारण त्यात चांदी उरलेली नसते, नुसते रंग असतात. ओरखडे मात्र तिथेही मऊ होतात.

एवढं करून एखादा खोल ओरखडा उरलाच, तर जुने डार्करूमवाले करायचे ते करा. नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवायचं आणि ते अलगद ओरखड्यावर टेकवायचं. तेलाने खाच भरते आणि प्रकाश वाकायचा थांबतो. फक्त ओरखडा पाठीच्या, म्हणजे चकचकीत बाजूला असेल तरच, आणि प्रिंट झाल्यावर फिल्म क्लीनरने पुसून घ्या.